मासा घोड्यावर बसत नाही

दणकट कॅमेरा मागितला की काउंटरवरच्या मुलाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो." मी त्याला घोड्याबद्दल सांगितलेलं असतं. तबेल्यातली धूळ, रोजची रपेट, एका हातात लगाम, सगळं सांगून झालेलं असतं. तरी तो मला पाण्यातच ढकलतो. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत बुडेल एवढं पाणी. तेवढ्या खोलीवर मी घोड्यासकट पोचलोच, तर कॅमेरा चालू राहिला का, ही चौकशी माझे वारस करतील.

दोष त्या पोराचा नाही. हे कॅमेरे मुळात पाणबुड्यांच्या घराण्यातले. १९६३ साली निकॉननं बाजारात आणलेला निकोनॉस हा त्यांचा आजोबा, आणि त्याच्याही मागे कॅलिप्सो, झाक कूस्तो यांच्या पाण्याखालच्या कामासाठी झाँ द वूटर्स यांनी बनवलेला. तिथं शत्रू पाणी होतं आणि उपाय पाण्यावरचा होता. हिशेब चोख. पुढे विक्रीखात्यातल्या शहाण्यांनी 'आउटडोअर' नावाचं एक पोतं शिवलं आणि पाणबुड्या, गिर्यारोहक, बर्फावर घसरणारे, सायकलवाले, घोडेवाले असे सगळे त्यात कोंबले. तेव्हापासून आमच्या वाट्याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता तो आयपीचा आकडा. आयपी ६८ म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. आयईसी ६०५२९ या मानकातून हे अंक येतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या सातव्या पायरीला वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवतात. आठवी पायरी त्याहून कडक, पण किती कडक ते कंपनीच ठरवते आणि कंपनीच जाहीर करते. यातली गंमत अशी, की बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली वस्तू फवाऱ्याच्या परीक्षेत पास झाली असं मानकच म्हणत नाही. फवाऱ्याची पायरी वेगळी, तिची चाचणी वेगळी. आणि तबेल्यात पाणी येतं ते नळीतून, जोरात, घोडा धुताना, आडवं. तळ्यासारखं शांत उभं राहून ते कुणाची वाट बघत नाही.

धुळीची परीक्षाही बघा. बंद पेटीत टाल्कची बारीक पूड घोळवतात आणि कॅमेरा आत ठेवतात. कॅमेरा नवा. झाकणं बंद. आमच्याकडे झाकण बंद राहत नाही, इथंच घोडं पेंड खातं. बॅटरी संपते, कार्ड भरतं, चार्जिंगची वायर घालायची असते. त्या क्षणी मोतद्दार शेजारी खरारा करत असतो, आणि हवेत कोंडा, कडब्याची कुट्टी, वाळलेल्या लिदीची भुकटी आणि घोड्याचे केस यांचा उत्सव चाललेला असतो. झाकणाच्या कडेला रबराची बारीक पट्टी असते. सगळी जलरोधकता तिच्यावर टेकलेली. तिच्यावर एक केस आडवा पडला की पंधरा मीटरची बढाई तिथंच संपली. हे मी म्हणत नाही, कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलंय: केस, वाळू, धागा अडकलेला नाही ना बघा, रबर दरवर्षी बदलून घ्या. ज्या जनावराचे केस आमच्या भाकरीतसुद्धा सापडतात त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हा सल्ला! आणि रबर बदलायचं कुठं? तालुक्याच्या गावात घड्याळाचा पट्टा बदलून मिळतो, हे नाही मिळत.

माथेरानला एकदा फेरी मारा म्हणजे माझं म्हणणं कळेल. तिथं मोटारगाड्यांना बंदी, माणूस आणि ओझी घोड्यावरून जातात. वाटेवरची जांभ्याची तांबडी धूळ इतकी बारीक, की संध्याकाळी रुमाल झटकला तरी रंग जात नाही. आपली लांब होणारी झूम लेन्स तिथं पुढे-मागे करून बघा. लेन्सची नळी बाहेर येताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ. चार दिवसांत झूम करकरायला लागते. या एका बाबतीत दणकट कॅमेऱ्यांना मी श्रेय देतो, आणि ते खरं श्रेय आहे. ओएम सिस्टमचा टीजी-७ घ्या. २०२३ मध्ये आलेला. त्याची झूम आतल्या आत सरकते, पुढे काचेची खिडकी तशीच. ओढायला हवाच नाही. पण दुकानातल्या पोराला विचारा, तो परत पंधरा मीटरवर येईल.

दुसरं श्रेय घामाचं. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे तंगाखाली आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस येतो. माणसाच्या घामापेक्षा त्यात मीठ जास्त. तो फेस हाताला लागतो, हातावरून कॅमेऱ्याच्या बटणांवर जातो, फटीत वाळतो, आणि काही दिवसांनी शटरचं बटण दाबलेलंच राहतं. अशा वेळी नळाखाली धरून धुता येईल असा कॅमेरा म्हणजे देवमाणूस. घोडेवाल्याला जलरोधकतेचा उपयोग हाच: धुणं. कॅमेरा धुण्याच्या वस्तूंत मोडतो, असं एका तरी जाहिरातीत लिहिलेलं दाखवा.

पडण्याचे आकडे तर निव्वळ विनोदी आहेत. टीजी-७ म्हणे २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, आणि १०० किलोचा भार सोसतो. आमच्याकडे घोडा इंचांत मोजतात. ६० इंची मारवाडी म्हणजे खांद्याला दीड मीटर. त्यावर खोगीर, खोगिरावर मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलेला कॅमेरा. सव्वादोन मीटर सहज ओलांडले. म्हणजे सरळ, थांबलेल्या घोड्यावरून निसटला तरी कंपनीचा आकडा संपलेला. शिवाय प्रयोगशाळेत तो उभा खाली सोडतात. माझा पडतो तो ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगासकट, मुरमावर, आणि मागून खूर येत असतात. भरधाव घोड्याच्या एका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. चारशे किलोचं जनावर, खाली लोखंडी नाल. १०० किलो कुणाला सांगताय?

आणि ते अमेरिकन सैन्याचं नाव! मिल-एसटीडी-८१०. खोक्यावर ही अक्षरं दिसली की लोकांची छाती फुगते. हे सैन्यानं दिलेलं प्रमाणपत्र नाही. ही चाचण्या कशा घ्याव्यात याची पुस्तिका आहे, चाचणी कंपनी स्वतः घेते, आणि कुठल्या चाचण्या घ्यायच्या तेही स्वतःच निवडते. टाकून बघण्याची जी चाचणी सगळे मिरवतात, तिच्यात वस्तू सव्वा मीटरवरून २६ वेळा, काँक्रीटवर ठेवलेल्या जाड प्लायवूडवर पाडतात, आणि ते २६ फटके पाच नगांत वाटून घेण्याची मुभा आहे. आपला दणकट नग एकटाच पडतो.

इथवर मी फक्त कॅमेरा जगेल का एवढंच बोललो. खरा राग पुढे आहे. कॅमेरा जगला, पण फोटोचं काय? सगळी चर्चा कॅमेऱ्याच्या कातडीची. त्याच्या डोळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटरनं धावणारा घोडा एका सेकंदाला अकरा मीटर जातो. शटर साठाव्या भागाएवढं उघडं राहिलं तर तेवढ्यात तो अठरा सेंटिमीटर सरकला. फोटोत घोड्याऐवजी तपकिरी फराटा. हजाराव्या भागावर गेलात तर एक सेंटिमीटर, म्हणजे चालेल, आणि तरी हवेतून पुढे येणारा खूर अंगापेक्षा वेगानं जातो तो पुसटच. हजारावा भाग मिळवायला उजेड लागतो. आणि घोडा फिरवायची वेळ कुठली? पहाटेची आणि कातरवेळेची. दुपारच्या उन्हात जनावर पळवणाऱ्याला मी माणसांत धरत नाही. म्हणजे कमी उजेड, जास्त वेग. अशा वेळी या दणकट कॅमेऱ्याच्या आत काय असतं? करंगळीच्या नखाहून छोटा सेन्सर, क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. साध्या, जुन्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तेरापट. टीजी-७ची लेन्स रुंद टोकाला एफ २ आहे म्हणून कौतुक होतं. झूम करून घोडा जवळ आणला की ती एफ ४.९ होते, म्हणजे उजेड सहाव्या हिश्श्यावर. कॅमेरा मग बिचारा आयएसओ वाढवत नेतो, आणि कुम्मैत घोड्याच्या अंगावरची ती तांबूस झळाळी भिजलेल्या कांबळीसारखी दिसायला लागते.

१८७८ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर एडवर्ड मायब्रिजनं हाच प्रश्न सोडवला होता. धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं, आडवे दोरे, घोड्याचा पाय लागला की शटर पडायचं. मागची भिंत पांढरी, खाली जमीनही पांढरी केलेली, कारण उजेडाशिवाय काही नाही हे त्या माणसाला कळलं होतं. त्यातून सिद्ध झालं की भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले. शतकानुशतकं चित्रकार पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणून उडणारे घोडे रंगवत होते, ते सगळे खोटे ठरले. बाजूनं, लांबून, भरपूर उजेडात, झटपट शटरनं: घोड्याच्या फोटोचं शास्त्र तिथं जवळपास पुरं झालं. दीडशे वर्षं होत आली. आमचं गिऱ्हाईक अजून खोली विचारतंय.

त्यातला 'लांबून' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सगळे तोच गिळतात. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. मारवाडी, काठेवाडी, गुलाबी कातडीचे पांढरे नुकरे, लाखांच्या बोल्या. हल्ली निम्मा सौदा मोबाइलवर आलेल्या फोटोवर ठरतो. विकणारा काय करतो? फोन गुडघ्याच्या उंचीवर धरतो, जनावराला चिकटून उभा राहतो आणि रुंद लेन्सनं काढतो. पाय लांबलचक, छाती डोंगराएवढी, मागचा भाग बारीक. फोटोत साठ इंची दिसणारा घोडा गाडीतून उतरला की छप्पन्न भरतो. घेणारा म्हणतो फसवलं. फसवलं लेन्सनं, म्हणजे खरं तर अंतरानं. २५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये अख्खा घोडा बसवायला अडीच मीटरवर उभं राहावं लागतं. एवढ्या जवळून जे अंग जवळ ते फुगतं, जे दूर ते आक्रसतं. तोच घोडा १०० मिलिमीटरनं दहा मीटरवरून काढा, चौकटीत तेवढाच बसेल, पण मान मानेएवढी आणि पुठ्ठा पुठ्ठ्याएवढा. घोड्याची ठेवण बघायची तर याखेरीज रस्ता नाही. दणकट छोट्या कॅमेऱ्यांची झूम बहुतेक शंभर-दीडशेच्या घरात दमते. म्हणजे उभ्या घोड्याला पुरली. धावता घोडा पन्नास मीटरवर गेला की चौकटीत मैदान उरतं.

नुकऱ्याचा आणखी एक ताप. पांढरं जनावर उन्हात उभं असलं की कॅमेरा त्याला राखाडी करतो, आणि काळ्या घोड्याला उजळवून धुवट. अंदाज त्याचा, चूक त्याची. म्हणून उजेडाची भरपाई एका चाकानं, डोळा न हलवता करता आली पाहिजे. मेनूत तीन पायऱ्या उतरून नव्हे. ओल्या किंवा घामट बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, हातमोज्यांना तर नाहीच. आणि मागचा पडदा उघड्या माळावर आरशाचं काम करतो, त्यात स्वतःचं तोंड दिसतं. डोळ्याला लावायचं भिंग हवं. टीजी-७ला ते नाही.

आता त्या चिमुकल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचे भक्त उठतील. गोप्रो घ्या म्हणतील, हलत नाही म्हणतील. हलत नाही, मान्य. पण दिसतं काय? दोन कान आणि रस्ता. जगभरातल्या घोडेस्वारांनी हा एकच चित्रपट लक्षावधी वेळा काढलाय, नट बदलत नाही, पटकथा नाही. त्यातली लेन्स इतकी रुंद, की उंबरठ्याएवढा चर दरी वाटतो आणि समोरचा डोंगर टेकाड. वर शिरस्त्राणावर कॅमेरा चिकटवण्याची हौस. शिरस्त्राण गोल आणि गुळगुळीत का असतं? डोकं जमिनीवर आपटलं तर घसरावं, अडकून पिळवटू नये म्हणून. त्यावर टणक ठोकळा बसवून आपण ती सोय मोडतो. ब्रिटिश इव्हेंटिंगनं २०१४ मध्ये स्पर्धेत शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याला बंदी घातली. मोटारशर्यतपटू शूमाकर शिरस्त्राणावर कॅमेरा लावून बर्फावर पडला, त्या अपघातानंतर हा विषय पेटला होता. त्याची इजा कॅमेऱ्यामुळे वाढली का, याचा निकाल लागला नाही, तरी त्यांनी वाट बघितली नाही. आमच्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी भाड्याच्या घोड्यावर पाहुणा शिरस्त्राणाशिवाय बसतो, एका हातात सेल्फीची काठी, दुसऱ्या हातातही लगाम नाही कारण लगाम धरून मोतद्दार पायी पळतोय. काठीचं टोक घोड्याच्या डोळ्यापासून वीतभर. घोडं उधळलं की दोष घोड्याचा.

घोड्याचंही थोडं ऐका. त्याचे डोळे बाजूंना, जवळजवळ चहूबाजूंचं त्याला दिसतं, फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा तुकडा सोडून. आपण नेमका कॅमेरा नाकासमोर नेतो. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला तेहतीस हजारांच्या आसपास. फोकस झाल्याचं टिट्-टिट् आपल्याला गोड वाटतं. पहिल्या दिवशी बंद करा. पिशवीचं वेल्क्रो खर्रकन उघडाल तर पुढची रपेट तुमच्या मर्जीनं होणार नाही.

मग घ्यायचं काय? दोन कामांना एक कॅमेरा नाही. हे ऐकून लोक नाराज होतात. खुशाल व्हावं.

खोगिरावर असताना कॅमेरा शोभेचा. तिथं तुमचा फोन पुरे, नाहीतर एखादा जुना टीजी. अंगावर बांधू नका. गळ्यात पट्टा अडकवून दुडकीवर निघाल तर छातीवर ठोके बसतील, आणि पडलात तर पट्टा रिकिबीत किंवा फांदीत गुंतेल. पाठीवर तर अजिबात नको, मणक्याखाली टणक ठोकळा घेऊन पडण्यात काय शौर्य आहे? खोगिराच्या पुढच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळून. भीमथडी तट्टांवर बिऱ्हाड लादून घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे धनगर बघा. घोड्याबरोबरचं उघड्यावरचं आयुष्य यांच्याइतकं कुणाचं नाही. त्यांचा फोन बंडीच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. खोक्यावरचे आकडे त्यांना कुणी वाचून दाखवले नाहीत म्हणून काही अडलं नाही.

कॅनन, निकॉन, फुजी, पॅनासोनिक यांनी छोट्या दणकट कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळत आणला. उरलेत मुख्यतः ओएम आणि रिको-पेंटॅक्स. त्यामुळे 'या वर्षीचा सर्वोत्तम' वगैरे याद्या वाचण्यात वेळ घालवू नका. खरी स्पर्धा दोघांत आहे.

जमिनीवर उभं राहून काढायचे फोटो हेच खरे घोड्याचे फोटो, आणि त्यासाठी पैसे तिकडे घाला. मोठा सेन्सर, भिंग, चाकं, सांध्यांना रबर लावलेलं अंग, आणि २०० मिलिमीटरपर्यंत जाणारी, शक्यतो आतल्या आत झूम होणारी लेन्स. ओएम-१ आणि ओएम-५ आयपी ५३ आहेत. म्हणजे धूळ पूर्ण अडत नाही पण काम बिघडवत नाही, आणि तिरपा पाऊस चालतो. बाकीचे बहुतेक 'वेदर सील्ड' म्हणतात आणि आकडा सांगत नाहीत, आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत पाण्याचं नुकसान वगळतात. तो कागद दुकानात उभं राहून वाचा. लेन्स तबेल्यात बदलू नका, बस्स. शटर-आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर स्वस्त कॅमेऱ्यात धावत्या घोड्याचे पाय केळ्यासारखे वाकतील. यांत्रिक शटरचा आवाज घोड्याला दोन दिवसांत सवयीचा होतो.

नवा परवडत नसेल तर जुना घ्या, मी तरी तोच घेईन. फक्त लेन्स काढून पाठीमागून टॉर्च मारून बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यागत धागे दिसतात. झूम फिरवून कानाशी धरा, करकर आली तर ती धूळ. बॅटरीचं झाकण उघडून रबराची कड बोटानं चाचपा. आणि विकणारा म्हणाला की "साहेब, कशाला बघताय, वापरलाच नाही हो," तर टॉर्च दोनदा मारा.